मिश्र गट पहिल्यांदा सांभाळताना

अभिनंदन! एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या शिबिरात गटप्रमुख, आणि गटात मणिपूर, केरळ, लातूर एकत्र! शिकायला याहून बरी जागा नाही. दोन वर्षांत सेवेचे 240 तास भरायचे आहेत, त्यामुळे सगळं आत्ताच जमायला हवं असं नाही. सुरुवातीला एवढंच सांभाळ.

नावं: पहिल्या दिवशी ज्याचं नाव त्यालाच उच्चारू दे, देवनागरीत लिहून घे आणि परत म्हणून दाखव. जमत नाही म्हणून टोपणनाव चिकटवू नकोस.

भाषा: सगळ्यात जास्त घसरतं ते इथेच. बैठक हिंदीत सुरू होते, पाचव्या मिनिटाला विनोद मराठीत होतो आणि तिघं जण उगाच हसल्यासारखं करतात. बैठकीची भाषा आधी ठरव. मध्येच मराठी आली तर दोन वाक्यांत अर्थ सांग. ‘समजलं का?’ हा प्रश्न कुचकामी, सगळे ‘हो’च म्हणतात. त्याऐवजी ‘उद्या सकाळी तू काय करणार?’ असं विचार. घोटाळा तिथल्या तिथे कळतो.

कामं रोज फिरव. नाहीतर मराठी येणारे गावकऱ्यांशी बोलतात आणि बाकीच्यांच्या हातात सातही दिवस फावडं. सर्वेक्षणाला जोड्या पाठव: एक मराठी बोलणारा, एक न बोलणारा.

कोण काय खात नाही, कुणाचा उपवास कधी, हे किराणा भरण्याआधी विचार.

गप्प राहणाऱ्याला सर्वांसमोर हटकू नकोस, काम करताना बाजूला बोल. भांडणं मिटवण्याचे प्रकार वगैरे शिबिरानंतर पाहू.