वहीतल्या तुकड्यांची कादंबरी होते का?

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कादंबरी लिहायची आहे, पण हाताशी नुसते तुकडे आणि छापून आलेल्या काही कथा आहेत. लेखनाच्या अभ्यासक्रमाला जावं की नाद सोडावा?

उत्तर : नाद मुळीच सोडू नकोस. तुकडे साठले म्हणून तुझा दम कमी ठरत नाही. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘मिसेस डॅलोवे’ या १९२५च्या कादंबरीआधी, १९२३ साली, त्याच नायिकेची एक छोटी कथा मासिकात आली होती. कथेत ही नायिका, क्लॅरिसा, हातमोजे आणायला निघते, कादंबरीत फुलं आणायला. कथेत सेप्टिमसचा मात्र पत्ताच नाही. युद्धाने आतून मोडलेला हा सैनिक कादंबरीत आला, क्लॅरिसाच्या दिवसाला समांतर त्याचाही दिवस सुरू झाला आणि लेखिकेला मोठा पट मिळाला. जुन्या कथेत नुसती पानं वाढवून हे झालं नसतं.

रहस्यकथाकार रेमंड चँडलर यांनी ‘द बिग स्लीप’ ही कादंबरी (१९३९) आपल्याच जुन्या कथांमधून रचली. दोन कथांमधल्या दोन बापांचा मिळून एक म्हातारा जनरल केला. ही युक्ती मला फार मोलाची वाटते. तुझ्या वहीतही एकच माणूस वेगवेगळ्या नावांनी वावरत असेल. सगळे तुकडे सलग वाच आणि त्याला शोध. तो सापडला, की कोणता तुकडा ठेवायचा हे ठरवणं बरंच सोपं होईल.

मात्र ठेवलेला तुकडा जसाच्या तसा चिकटवू नकोस, नव्याने लिही. अमेरिकी लेखक विल्यम फॉकनर यांनी ‘स्पॉटेड हॉर्सेस’ ही १९३१ची प्रथमपुरुषी कथा ‘द हॅम्लेट’ या कादंबरीत (१९४०) घेताना निवेदनच बदललं. एखादं लाडकं वाक्य गळेल, वाईट वाटेल. गळू दे.

छापून आलेल्या कथा वापरण्याआधी त्या मासिकाशी झालेला करार वाच. पुनर्मुद्रणाचे हक्क कुणाकडे आहेत, हे लेखी विचारून घे.

अभ्यासक्रमाला जरूर जा, पण प्रवेशाआधी एवढी चौकशी कर : तिथे लांब खर्डा पूर्ण वाचून त्यावर बोलणारा शिक्षक आहे का? फक्त छोट्या स्वाध्यायांवर भर असेल, तर तुझ्या वहीत आणखी तुकडे जमतील. तुला आता पूर्ण खर्डा वाचणारं माणूस हवं आहे.