दोन गुणांनी हुकलेली तीन क्रेडिट

न्यू जर्सीत राहणारी एक मराठी आई बारावीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा तिचा पहिलाच प्रश्न होता, “ताई, स्पॅनिशची एपी सोपी की क्लेप?” मुलीने शाळेत चार वर्षे स्पॅनिश घेतले होते, आणि यांपैकी एखाद्या परीक्षेतून कॉलेजची क्रेडिट (पदवीसाठी जमा करावी लागणारी अभ्यासाची एकके) मिळाली तर एका सत्राचा खर्च तरी हलका होईल, अशी घरच्यांची अपेक्षा होती. थोरल्या चुलतभावाने दिलेली सॅट या कॉलेज-प्रवेश परीक्षेची विषय-परीक्षा अमेरिकेत 2021 साली बंद झाल्याचे त्यांना ठाऊक नव्हते.

एपी आणि क्लेप दोन्ही कॉलेज बोर्ड या अमेरिकी परीक्षा-संस्थेच्याच असल्या, तरी त्या एकच गोष्ट मोजत नाहीत. एपी वर्षातून एकदा, मे महिन्यात होते, तिचे गुण 1 ते 5 असतात आणि तीत ऐकण्या-वाचण्याबरोबर लिहावे व बोलावेही लागते. क्लेपची मूळ स्पॅनिश परीक्षा दीड तासाची असून ती केवळ ऐकणे आणि वाचणे तपासते. 20 ते 80 या मापावर 50 गुणांना सहा आणि 63 गुणांना नऊ क्रेडिट द्यावीत, अशी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या उच्च शिक्षण संस्थांच्या संघटनेची शिफारस आहे. मात्र ती शिफारसच आहे, निर्णय प्रत्येक कॉलेजचा असतो. म्हणून परीक्षेचे शुल्क भरण्यापूर्वी त्या कॉलेजचा क्रेडिटविषयक तक्ता पाहावा, असा माझा आग्रह असतो.

मुलगी वाचनात तरबेज होती, पण बोलायची वेळ आली की गप्प होई. मे महिना उलटून गेला होता, आणि तिने निवडलेले कॉलेज क्लेप स्वीकारत होते, त्यामुळे निवड अवघड नव्हती. जुलैत तिला 61 गुण मिळाले. आई हळहळली, तीन महिन्यांनी परीक्षा पुन्हा देता येते हे कळताच तिने तारखा मोजायला सुरुवात केली. (दोन गुणांचे दुःख आपल्याकडे फार जुने आहे.) मुलीला मात्र परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे होते. रुग्ण तिच्याशी स्पॅनिशमध्ये बोलणार होते, आणि तिची नेमकी उणीव या परीक्षेने तपासलीच नव्हती. तिने सहा क्रेडिट स्वीकारली आणि पहिल्याच सत्रात स्पॅनिश संभाषणाचा वर्ग घेतला.