लाईनची गाडी, बेंगळुरूची फेरी की न्हावा शेवाचा कंटेनर?

प्रश्न : मी चाकणहून दिल्ली, लुधियाना, कोलकाता अशा लाईनवर मल्टिअ‍ॅक्सल गाडी चालवतो. घरी येणे पंधरा-वीस दिवसांनी होते. मुलगी यंदा पहिलीत गेली, म्हणून जवळचे काम पाहत आहे. एके ठिकाणी चाकण–न्हावा शेवा बंदर असे कंटेनरचे काम मिळत आहे, तर दुसरीकडे चाकण–बेंगळुरू अशी ठरलेली फेरी आहे. दोन्हीकडे हातात येणारे पैसे आतापेक्षा कमी आहेत. काय निवडावे?
– एक वाचक, ता. खेड, जि. पुणे

उत्तर : जवळचे काम म्हणजे रोज रात्री घरी, असे आपण धरून चालला आहात आणि गफलत होण्याचा संभव तिथेच आहे. चाकण ते न्हावा शेवा हे अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. पण निर्यातीच्या कंटेनरची फेरी म्हणजे आधी यार्डातून रिकामा कंटेनर उचलायचा, तो कारखान्यात नेऊन भरण्यासाठी नंबर लावायचा, सील झाल्यावर फॉर्म १३ ची, म्हणजे बंदरात कंटेनर आत नेण्याच्या परवान्याची, वाट पाहायची आणि जहाजासाठी ठरलेली मुदत संपण्याआधी बंदराच्या गेटवरच्या रांगेतून आत शिरायचे. यात गाडी चालते थोडा वेळ आणि उभी राहते पुष्कळ, शिवाय ती उभी असली तरी आपल्याला केबिन सोडता येत नाही. (तळेगाव–चाकण रस्त्यावरच्या कोंडीविषयी आपल्याला मी काय सांगावे!) त्यामुळे त्या मालकांना पगाराआधी हे विचारा की, गाडीची खोटी झाली, म्हणजे ती अडकून पडली, तर त्याचे पैसे कोणाला मिळतात. पार्टीकडून, म्हणजे माल पाठवणाऱ्याकडून, हॉल्टिंग (गाडी थांबल्याचा आकार) वसूल होते, पण ते ड्रायव्हरच्या हातात पडतेच असे नाही. पैसे फेरीवर मिळणार असतील, तर रांगेतली प्रत्येक रात्र आपल्याच खिशातून जाते. महिन्याचा पक्का पगार असेल, तरच हे काम विचारात घ्यावे.

रांगेतल्या वेळेबाबत कायद्याचा आधारही तोकडाच राहिला आहे. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. मात्र टर्मिनलवरची नुसती हजेरी १५ मिनिटांहून कमी असेल, तेव्हाच ती कामाच्या तासांत धरावी, अशी त्याची व्याख्या होती. म्हणजे गेटवर ताटकळलेले चार तास कागदावर कामात येत नसत.

लाईनवर पैसे जास्त दिसतात, त्यात खुराकी (जेवणाचे पैसे), भत्ता आणि डिझेलच्या अ‍ॅव्हरेजमधली बचत मिसळलेली असते. धाब्यावरचे जेवण, आंघोळीचे पैसे, वाटेतली किरकोळ दुरुस्ती हे सारे वजा करून घरी नेमके किती पोहोचते, ते मागच्या दोन-तीन महिन्यांच्या हिशोबावरून काढा. तफावत वाटते त्याहून कमी निघेल, असा माझा अंदाज आहे. दिल्लीला तिसऱ्या दिवशी गाडी लागलीच पाहिजे, ही घाईसुद्धा बहुतेक वेळा मालकाची किंवा पार्टीची असते. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याची, मुदत साध्या मालासाठी २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे, त्यामुळे दिल्लीच्या साडेचौदाशे किलोमीटरला आठ दिवस मिळतात. पहाटे दोन ते पाच या वेळेत डोळे मिटू लागले असताना गाडी हाकण्याचे कारण कागदपत्रांत तरी नाही.

माझा कल बेंगळुरूकडे आहे, पण एका अटीवर. साडेआठशे किलोमीटरचा हा रस्ता एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी गाठता येतो आणि दोन्ही टोकांना तेच गोदाम, तेच लोक असले, की गाडी कधी खाली होईल याचा अदमास येतो. अट अशी की परतीचा माल करारात ठरलेला असावा. तो ठरलेला नसेल, तर बेंगळुरूच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांत भाडे शोधत दोन-तीन दिवस बसावे लागेल. मग मिळेल त्या भाड्यावर गाडी चेन्नईला किंवा हैदराबादला वळेल आणि आपण पुन्हा लाईनवरच जाल. तोंडी शब्दावर विसंबू नका. त्याच फेरीवर सध्या असलेल्या एखाद्या ड्रायव्हरला गाठून गेल्या महिन्यात तो किती रात्री घरी झोपला आणि गाडी रिकामी कितीदा आली, एवढे विचारा. भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का आणि पगार बँकेत जमा होतो का, हेही पाहा. पुढे घरासाठी कर्ज काढायचे झाले, तर पगाराची चिठ्ठी लागेल.

जुने काम सोडण्यापूर्वी मालकाकडून घेतलेली उचल आणि राहिलेल्या ट्रिपांचा हिशोब लेखी मिटवा. मूळ लायसन्स त्यांच्याकडे ठेवलेले असेल, तर नोटीस देण्याआधी ते मागून घ्या.