डेव्हर्सचा शर्ट टाकू नका आणि टीमही बदलू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीड वर्षापूर्वी पुण्याहून बोस्टनला आलात, लेकाने इथल्या बेसबॉल क्लबला, रेड सॉक्सला, आपली टीम मानलं, तुम्ही त्याला रफाएल डेव्हर्सचा ११ नंबरचा शर्ट घेऊन दिलात आणि जून २०२५ मध्ये क्लबने डेव्हर्सलाच सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सकडे पाठवून दिलं. त्याआधी मूकी बेट्स गेला, झँडर बोगार्ट्स गेला. स्वतः घडवलेली माणसं हा क्लब टिकवत का नाही, आणि पोराने आता टीम बदलावी का?

मी २००३ पासून या गावात आहे. तेव्हापासून एकही हंगाम सोडलेला नाही, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्या डोक्यात आयपीएलचा हिशोब असतो. तिथे प्रत्येक संघाला खर्चाची सारखीच मर्यादा असते आणि दर काही वर्षांनी मोठा लिलाव होऊन संघ मोडतात. चाहत्याला त्याची सवय होते. तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने हार्दिकला परत आणलं, पुढच्या महिन्यात रोहितचं कप्तानपद काढून त्याला दिलं, तेव्हा वानखेडेवर काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. बेसबॉलमध्ये पगाराला अशी वरची मर्यादाच नाही. एक रेषा आहे, ती ओलांडली की वरच्या रकमेवर क्लबला कर भरावा लागतो. पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी ५०. एक वर्ष रेषेखाली राहिलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे पैसे खर्च करायला कोणी अडवत नाही, फक्त महाग पडतं. शिवाय खेळाडू मोठ्या लीगमध्ये आल्यापासून साधारण सहा वर्षं क्लबच्या ताब्यात असतो. त्यानंतर तो मोकळा, कुठेही जाऊ शकतो. खरा पेच येतो पाचव्या-सहाव्या वर्षी. मोठा करार करायचा, की हातचा जाण्याआधी त्याच्या बदल्यात कोणी मिळवायचं?

बेट्सच्या बाबतीत क्लबने दुसरा रस्ता धरला, आणि माझ्या मते बेब रूथला विकल्यानंतरची ती या क्लबची सगळ्यात मोठी चूक आहे.

बेट्स २०११ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्यात) पाचव्या फेरीत घेतलेला पोरगा. अंगाने लहानखुरा, मायनर म्हणजे खालच्या लीगमध्ये सेकंड बेसवर खेळायचा. बोस्टनकडे तिथे डस्टिन पेड्रोइया होता, म्हणून याने आउटफील्ड, म्हणजे बेसच्या मागचं लांबचं मैदान, सांभाळायला शिकून घेतलं आणि राइट फील्डला असा खेळू लागला की जन्मभर तेच करत आला असावा. २०१८ मध्ये .३४६ ची सरासरी (म्हणजे शंभरात साधारण पस्तीस वेळा हिट), ३२ होम रन, ३० चोरलेले बेस (चेंडू टाकला जात असताना पळून गाठलेले). अमेरिकन लीगचा, म्हणजे मोठ्या लीगच्या दोन भागांपैकी एकाचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला तो. त्या वर्षी टीमने १०८ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची शेवटची मालिका, घेतली. इतकं सगळं एकाच माणसात क्वचित सापडतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे धाडलं. सोबत पिचर (चेंडू टाकणारा) डेव्हिड प्राइसही दिला आणि त्याच्या उरलेल्या पगाराचा अर्धा भार आपणच उचलला. बदल्यात आले अ‍ॅलेक्स व्हर्ड्युगो, जेटर डाउन्स आणि कॉनर वाँग. डाउन्सला २०२२ च्या डिसेंबरात सोडून दिलं. व्हर्ड्युगो २०२३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या यांकीजकडे, आपल्या जुन्या वैऱ्यांकडे, गेला. वाँग कॅचर म्हणून टिकला, प्रामाणिकपणे खेळतोय, पण बेट्सच्या तराजूत दुसऱ्या बाजूला त्याला बसवणं त्याच्यावरही अन्याय आहे.

क्लबची बाजू अशी मांडली गेली, की बेट्स मोठे प्रस्ताव नाकारतो आहे, एका वर्षाने मोकळा होईल आणि हाती काहीच लागणार नाही. त्यातलं पहिलं खरं होतं, प्रस्ताव त्याने नाकारले होते. पण २०१८ आणि २०१९ अशी दोन वर्षं पगाराची रेषा ओलांडली होती आणि तिसऱ्या वर्षी कर ५० टक्क्यांवर जाणार होता, हेही तितकंच खरं. प्राइसला त्याच गाठोड्यात बांधून पाठवलं, यातूनच खरा हेतू दिसतो. गुणवान पोरं मिळवणं एवढंच उद्दिष्ट असतं तर बेट्स एकटा गेला असता आणि बदल्यात कितीतरी जास्त मिळालं असतं. डॉजर्सने त्याच जुलैत, कोविडमुळे स्टेडियम रिकामी असताना, त्याला १२ वर्षांचा ३६ कोटी ५० लाख डॉलरचा करार दिला आणि त्याने सही केली. म्हणजे तो राहायला तयार होता, त्याची किंमत देणारा हवा होता. आपल्या घरच्या मैदानात, फेनवे पार्कमध्ये, उन्हाळाभर जागा मिळत नाही. बोस्टन काही गरीब क्लब नाही.

नंतरचा हिशोब सांगताना आजही घसा दाटतो. डॉजर्सने २०२०, २०२४ आणि २०२५ अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. २०२५ मध्ये हा माणूस, वयाच्या बत्तिसाव्या-तेहतिसाव्या वर्षी, पूर्ण हंगाम शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागी, खेळला. टोरोंटोविरुद्ध सातवा सामना अकराव्या इनिंगपर्यंत गेला आणि शेवटचा चेंडू आला बेट्सकडेच. उचलला, सेकंड बेसवर पाय ठेवला, फर्स्टला फेकला, डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे बाद), खेळ खलास. मी घरी एकटा बसून पाहत होतो. आनंद झाला आणि तेवढंच वाईटही वाटलं.

बोगार्ट्सचं प्रकरण मी त्या पंक्तीत बसवत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सॅन डिएगोने त्याला ११ वर्षांचे २८ कोटी डॉलर दिले. तिशीतल्या शॉर्टस्टॉपला अकरा वर्षं कोणीही शहाणा क्लब देणार नाही. चूक झाली ती त्याआधीच्या वसंतात. तेव्हा त्याला दिलेला प्रस्ताव त्याच्या तोलाचा नव्हता. दहा वर्षं मुकाट्याने टीमसाठी झिजलेल्या माणसाचा मान राखला गेला नाही, एवढीच माझी तक्रार.

आता डेव्हर्स, ज्याच्यामुळे तुमच्या घरात रडारड झाली.

बेट्स आणि बोगार्ट्स गेल्यावर लोक इतके चिडले होते की जानेवारी २०२३ मध्ये क्लबने डेव्हर्सशी १० वर्षांचा ३१ कोटी ३५ लाख डॉलरचा करार केला. आम्हाला वाटलं, चला, एक तरी आपला राहिला. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅलेक्स ब्रेगमनला घेतलं. ब्रेगमन थर्ड बेसचा, आणि तिथे त्याचा हात डेव्हर्सपेक्षा कितीतरी चांगला, यात वाद नाही. डेव्हर्स म्हणाला, थर्ड बेस माझी जागा आहे. तरी त्याला डेझिग्नेटेड हिटर केलं, म्हणजे फक्त बॅटिंग करायची, फील्डिंगला उतरायचं नाही. पहिल्या पाच सामन्यांत एकही हिट नाही, पण नंतर गडी सुटला. बोस्टनसाठी ७३ सामन्यांत १५ होम रन आणि ५८ आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे टीमला मिळालेल्या धावा). मेच्या सुरुवातीला फर्स्ट बेसवाल्या ट्रिस्टन कसासच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि क्लबने डेव्हर्सला विचारलं, फर्स्टला खेळशील का? त्याने नाही म्हटलं, आणि तेही पत्रकारांसमोर, उघडपणे. मालक जॉन हेन्री विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याच्याशी बोलून आले. १५ जूनला यांकीजविरुद्धचा तिसरा सामना जिंकला, त्यात डेव्हर्सचा होम रन होता, आणि त्याच संध्याकाळी तो जायंट्सचा झाला.

मी इथे दोघांनाही दोष देतो. गरज असताना फर्स्टला उभं राहायला हवं होतं. टीममधला सगळ्यात जास्त पगार घेणारा माणूस 'ते माझं काम नाही' म्हणाला, तर बावीस वर्षांची पोरं त्यातून काय शिकणार? आणि सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यावर तो फर्स्टला उभा राहिलाच की! हे मला सगळ्यात जास्त लागलं. पण त्याला या टोकाला आणलं ते क्लबने. करार करताना थर्ड बेस तुझाच, असं मानून चालायला लावलं. कारभारी बदलला, आणि नव्या कारभाऱ्याने शब्द फिरवण्याआधी त्याच्याशी नीट बसून बोलणं केलं नाही. घरातल्या थोरल्याला न विचारता त्याची खोली पाहुण्याला द्यावी, तसं झालं. आणि पाहुणा किती टिकला? ब्रेगमनच्या करारात दर हंगामानंतर बाहेर पडायची मुभा होती. पहिला हंगाम संपताच त्याने ती वापरली आणि शिकागोच्या कब्ज क्लबशी करार केला. एका वर्षाच्या ब्रेगमनपायी दहा वर्षांचा डेव्हर्स गेला.

बदल्यात जॉर्डन हिक्स, तरुण डावखुरा पिचर काइल हॅरिसन, जेम्स टिब्स आणि होसे बेयो आले. टिब्सला महिन्या-दीड महिन्यातच डस्टिन मेसाठी डॉजर्सकडे पाठवलं. यातल्या कोणीही २०२५ मध्ये डेव्हर्सच्या बॅटची जागा भरून काढली नाही. क्लबला हवं होतं ते म्हणजे त्याच्या करारातल्या उरलेल्या पंचवीस कोटींहून जास्त रकमेतून सुटका, आणि ती पूर्ण मिळाली.

पण म्हणून प्रत्येक पाठवणी वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. हे मी २००४ मध्ये शिकलो. त्या वेळी नोमार गार्सियापारा हा इथला देव होता. १९९९ आणि २००० अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकन लीगमध्ये सर्वांत जास्त सरासरी त्याची. माझ्या ऑफिसात तिघांच्या टेबलावर त्याचा फोटो असायचा. ३१ जुलै २००४ ला त्याला कब्जकडे पाठवलं आणि शॉर्टस्टॉपला ऑर्लँडो कॅब्रेरा, फर्स्टला डग मिंटकेविच आले. त्याच दिवशी, कोणाचं लक्षही गेलं नाही अशा एका छोट्या व्यवहारात, डॉजर्सकडून डेव्ह रॉबर्ट्स आला. ऑक्टोबरात यांकीजविरुद्ध मालिकेत ०-३ ने मागे, चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगला ३-४ ने मागे, समोर त्यांचा हुकमी पिचर मारियानो रिव्हेरा. धावण्यासाठी रॉबर्ट्सला आणलं. सगळ्या स्टेडियमला माहीत होतं की हा पळणार, रिव्हेरालाही माहीत होतं, तरी त्याने सेकंड बेस चोरला. बिल म्यूलरच्या हिटवर तो होम प्लेटला येऊन बरोबरीची धाव झाली, बाराव्या इनिंगला डेव्हिड ऑर्टिझने होम रन मारला, आणि तिथून आपण सलग आठ सामने जिंकून ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज घेतली. ऑर्टिझ तरी कुठला? मिनेसोटाने सोडून दिलेला. (आणि हाच रॉबर्ट्स आज बेट्सचा मॅनेजर आहे.)

ऑगस्ट २०१२ चंही तसंच. एड्रियन गोन्झालेझ, कार्ल क्रॉफर्ड, जॉश बेकेट यांचं मिळून पंचवीस कोटी डॉलरहून जास्त पगाराचं ओझं डॉजर्सच्या गळ्यात घातलं. पण वाचलेला पैसा क्लबने लगेच नव्या, जुळवून घेणाऱ्या खेळाडूंवर लावला आणि २०१३ ची वर्ल्ड सिरीज जिंकली. नोमार गेला तेव्हा टीमची बचावाची गरज भागली. २०१२ ला मोकळा झालेला पैसा मैदानावर परत आला. बेट्सच्या वेळी यातलं काहीच झालं नाही. २०२० च्या छोट्या हंगामात आपण २४ जिंकले, ३६ हरलो, गटात शेवटचे. १९१९ च्या शेवटी तेव्हाचा मालक हॅरी फ्रेझीने रूथला एक लाख डॉलरला यांकीजकडे विकलं, तेव्हाही टीमला नव्हे, मालकाला गरज होती.

म्हणून डेव्हर्सच्या व्यवहाराचा निकाल मी अजून लावलेला नाही. त्याच्या जाण्याने मोकळा झालेला पैसा कुठे जातो, हे बघायचं आहे. काही खुणा चांगल्या आहेत. पिचर गॅरेट क्रोशेसाठी क्लबने चार होतकरू पोरं दिली आणि त्याला सहा वर्षांचे १७ कोटी डॉलरही दिले. २०२५ मध्ये त्याने १८ सामने जिंकले, २५५ फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. यांकी स्टेडियममध्ये प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात ११७ चेंडू टाकून ११ गडी स्ट्राइकआउट केले, तो सामना लेकासोबत पुन्हा बसून बघा. पुढचे दोन हरून आपण बाहेर पडलो, ते वेगळं. आणि तरुण आउटफील्डर रोमन अँथनीला, मोठ्या लीगमध्ये येऊन दोनच महिने झालेले असताना, आठ वर्षांचा १३ कोटी डॉलरचा करार दिला. बेट्सच्या वेळी नेमकं हेच करायला हवं होतं. सहाव्या वर्षाची वाट न बघता, पोरगा एकवीस वर्षांचा असतानाच.

तेव्हा पोराला नवा शर्ट घ्यायचा असेल तर अँथनीचा घ्या. टीम बदलायची मात्र गरज नाही. डेव्हर्सचा शर्टही देऊन टाकू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये बेट्स डॉजर्सच्या निळ्या कपड्यांत फेनवेला पहिल्यांदा परत आला, तेव्हा मी ब्लीचर्समध्ये, म्हणजे आउटफील्डमागच्या बाकांवर, होतो. तो बॅटिंगला आला आणि सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. त्याने हेल्मेट काढून सगळीकडे बघितलं. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या अंगात बेट्सचा ५० नंबरचा जुना रेड सॉक्सचा शर्ट होता आणि तो ओक्साबोक्शी रडत होता. आता सगळ्या टीम एकमेकींशी दरवर्षी खेळतात. २०२५ ची मालिका सॅन फ्रान्सिस्कोला झाली, म्हणजे २०२६ मध्ये जायंट्स फेनवेला येतील. त्या मालिकेची तिकिटं लवकर काढा आणि पोराला ११ नंबरचाच शर्ट घालून न्या.