गाडी बंद पडली तर?

दसरा, दिवाळी आणि पाडव्याच्या खरेदीनंतर काही आठवड्यांनी समुपदेशक म्हणून एक प्रश्न माझ्यासमोर हमखास येतो. "मोटारसायकल घेतली आहे, मैदानात चालवता येते, पण रस्त्यावर न्यायची हिंमत होत नाही, काय करू?" विचारणारी कधी नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी असते, तर कधी पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ. बहुतेकांची समजूत अशी असते की आपल्याला पडण्याची भीती वाटते, आणि खरे सांगायचे तर बरीच वर्षे माझीही तीच समजूत होती. ती ज्यांच्यामुळे दूर झाली त्या गृहस्थांची हकीकत त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते.

ते नाशिकच्या पंचवटीत राहणारे, वय ४६, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेब सांभाळणारे. वीस वर्षे त्यांनी बसनेच ये-जा केली होती. आपल्याला कंबरेचे दुखणे आहे, त्यामुळे दुचाकी चालत नाही, असे त्यांनी घरी आणि कार्यालयात सांगून ठेवले होते. कंबर ठणठणीत होती. अठरा वर्षे पूर्ण होताच मुलगा गिअरच्या गाडीचा शिकाऊ परवाना काढून आला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही बसू नका, नुसते बाजूला उभे राहून सांगा." त्यांनी त्याला मामाकडे पाठवले. त्यानंतर दीड वर्षाने ते माझ्याकडे आले.

पहिल्या दोन भेटींत मी चूकच केली. हेल्मेट, हलकी गाडी, कमी वेग या सगळ्यामुळे धोका कसा आटोक्यात राहतो हे मी त्यांना पटवत बसले, आणि ते प्रत्येक वाक्याला "पटते, पण" असे म्हणत राहिले. तिसऱ्या भेटीत मी पटवणे सोडून दिले.

"डोळे मिटा. तुम्ही गाडीवर आहात आणि जे घडू नये तेच घडले आहे. काय दिसते?"

"द्वारका चौकाचा सिग्नल. हिरवा झाला आणि माझी गाडी बंद पडली."

"तुम्ही पडलात?"

"नाही. मागचे सगळे हॉर्न वाजवत आहेत."

"मग पुढे?"

ते बराच वेळ गप्प राहिले. "पुढे काही नाही. तेवढेच."

त्या "तेवढेच" पाशी मी आजही थांबते. ज्या संकटाच्या धास्तीने या माणसाने वीस वर्षे खोटी कंबर दुखवून घेतली, त्या संकटात रक्ताचा थेंब नव्हता, मोडलेला आरसासुद्धा नव्हता. होती ती केवळ अनोळखी माणसांची घाई, आणि तिच्यावर त्यांनी स्वतःच लावलेला अर्थ: "पुरुषासारखा पुरुष, आणि याला गाडी येत नाही." अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मी मानते. घटना माणसाला जितकी छळते त्याहून त्या घटनेविषयीचा त्याचा आग्रह अधिक छळतो, असे ती सांगते. मराठीत हा आग्रह एका अक्षरात मावतो. "गाडी बंद पडूच नये" या वाक्यातला "च" काढून पाहावा. उरते ती साधी इच्छा, आणि इच्छेने कोणाचे हात थरथरत नाहीत.

मात्र अक्षर खोडल्याने भीती खोडली जात नाही. तेव्हा मला जो प्रश्न सुचला, त्याचे समाधान मला अजून वाटते. मी विचारले, "तुम्ही हिशेबाचे माणूस. बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू होऊन निघेपर्यंत किती अंक मोजून होतात?"

"कधी मोजले नाहीत."

"मग मोजा. मैदानात मुद्दाम गाडी बंद पाडा, मागे कोणाला तरी हॉर्न वाजवायला सांगा आणि मोठ्याने आकडे मोजा. मागे मुलालाच घ्या."

यानंतर तीन आठवडे ते आले नाहीत. मी घाई केली की काय, असे वाटू लागले होते. गाडी बंद पाडणे सोपे होते. त्यासाठी मुलाला कंबरेचे खरे सांगावे लागणार होते, हे मला उशिरा लक्षात आले. चौथ्या आठवड्यात आल्यावर त्यांनी सांगितले, की मुलगा आधी नुसता पाहत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे आजीकडे जायला आपण दर वेळी एसटीची वाट बघत बसायचो, ते यासाठी?" दोन दिवस तो फारसा बोलला नाही. त्यानंतरच्या रविवारी त्यानेच त्यांना पहाटे उठवले.

कुंभमेळ्यात साधुग्राम वसते त्या तपोवनाच्या भागात, मोकळ्या जागेवर, बाप पुढे मोटारसायकलवर आणि मुलगा मागे स्कूटरवर असा तो सराव झाला. पहिल्यांदा एकोणीस अंक झाले. बाराव्या वेळी सात. पंधराव्या वेळी दोघांनाही हसू आवरेना, आणि फिरायला आलेले एक आजोबा "सकाळी सकाळी हा काय तमाशा?" म्हणून त्यांच्यावर ओरडले. "मॅडम, ओरडले तरी काही झाले नाही," हे त्यांनी मला दोनदा सांगितले.

नव्याने शिकणाऱ्यांसाठी येथे काही व्यवहाराचे सांगते. मी स्वतः स्कूटरच चालवते, त्यामुळे हे सारे एका अनुभवी गॅरेजवाल्याकडून समजून घेतले आहे. क्लच एकदम सोडला की मंद फिरणाऱ्या इंजिनावर थांबलेल्या चाकाचे ओझे अचानक येते आणि ते गुदमरते. गाडी बंद पडते ती म्हणून, तुमच्या नालायकीमुळे नव्हे. क्लच हळूहळू सोडताना गाडी पुढे ओढू लागते ती जागा बोटांना ओळखीची होईपर्यंत, अर्ध्या क्लचवर चालण्याच्या वेगाने गाडी नेण्याचा सराव करावा. अनेकांची गाडी सिग्नलला बंद पडते, कारण थांबताना ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्येच राहिलेले असतात. बंद पडलीच, तर क्लच पूर्ण दाबावा, न्यूट्रल करावे, सेल्फ मारावा आणि पहिला गिअर टाकून निघावे. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतील अशीच गाडी निवडावी. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, दाब वाढवत लावावेत; वाळूवर मात्र पुढचा ब्रेक जपून. शिकाऊ परवान्यानंतर किमान तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. हे तीस दिवस कमीत कमी आहेत, मुदत नव्हे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. आणि शिकवणारा ओरडणारा असेल तर तो कितीही जवळचा नातेवाईक असला तरी बदलावा.

आणखी एक. सगळीच भीती काढून टाकायची नसते. ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसताना, हेल्मेटचा पट्टा न लावता निघताना, पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ एक होऊन निसरडे झालेले असताना जी भीती वाटते ती आपली हितचिंतक आहे. मी लोकांना एवढेच विचारते, की ही भीती चाकाची आहे की लोकांच्या नजरेची? पहिलीचे ऐकावे. दुसरीचे अंक मोजावेत.

पेठ रोडच्या कार्यालयातून पक्का परवाना मिळाल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात, सकाळी नऊच्या गर्दीत, त्यांची गाडी खरोखरच द्वारकेला बंद पडली. मागे रिक्षा होती आणि रिक्षावाल्याने हॉर्नवरून हात उचलला नाही. "नऊ झाले," ते मला म्हणाले, "दोन अंक जास्त लागले, कारण मी मागे वळून त्याला हात केला."

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्या दिवशी ते बसने कामावर गेले होते. सहकाऱ्यांनी विचारलेच, "काय हो, कंबर पुन्हा धरली का?"

"मी सांगितले," ते म्हणाले, "कंबर कधीच धरली नव्हती. आज रस्ता निसरडा आहे."