‘एकदा वसूल झालं की सोडतो’

तासगावकडचं एक कुटुंब. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहायला. क्रिकेटच्या सट्ट्यात पावणेचार लाखांचं देणं झालेलं. वडिलांनी विचारलं, "वीस गुंठे बाग विकून एकदाचं फेडून टाकू का? तो म्हणतोय, वसूल झालं की सोडतो." सट्ट्यात अडकलेल्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो.

मुलाची पद्धत अशी: टॉसवर 500 लावायचे, हरला की दुप्पट. "सलग पाच वेळा गेलंय, सहाव्यांदा तरी येणारच की!"

त्याच्या हातात एक रुपयाचं नाणं आणि वही दिली. शंभर वेळा उडवायचं, दर वेळी लिहायचं. चाळिशीच्या आसपास ओळीनं पाच काटे पडले. "आता छापा," तो ठामपणे म्हणाला. पुन्हा काटाच. शंभर फेकींत कुठेतरी पाच वेळा सलग एकच बाजू पडणं जवळपास ठरलेलंच असतं. नाण्याला मागचं काही आठवत नाही. पाच हरल्यानंतरही सहाव्याची शक्यता निम्मीच.

मग भाव. तो खेळायचा तिथे टॉसवर शंभर लावले तर जिंकल्यावर नव्वद मिळत. दोन्ही बाजूंना शंभर-शंभर आले तर बुकी दोनशे घेतो, एकशे नव्वद देतो. दर शंभरामागे सरासरी पाच रुपये त्याचे, निकाल काहीही लागो. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे लगेच कळलं. धक्का बसला तो पुढच्या आकडेमोडीनं. 500, 1000, 2000, 4000 असे चार डाव गेले की 7500 गेलेले. पाचव्याला 8000 लावून जिंकला तरी मिळतात 7200. म्हणजे जिंकूनही 300 खाली! सहा हरून सातव्याला 32,000 लावले आणि जिंकला, तरी 2700 चा खड्डा उरतोच. वही तो बराच वेळ बघत बसला.

टॉस सोडून सामन्यावर लावलं तर अभ्यास कामी येतो, असं त्याचं म्हणणं. खेळपट्टी, रात्रीचं दव, कोण फॉर्मात आहे, सगळं त्याला माहीत असतं. पण तेच भाव ठरवणाऱ्यालाही माहीत असतं आणि ते भावात आधीच धरलेलं असतं. उरतो तो सुटलेला झेल, बॅटची आतली कड लागून यष्टीशेजारून गेलेला चौकार. थोडक्यात हुकलेला डाव 'जवळजवळ जिंकलो' म्हणून डोक्यात राहतो आणि ओढ वाढवतो.

म्हणून वडिलांना स्पष्ट सांगितलं: बाग विकू नका. एकरकमी फेड झाली की डोक्यावरचं ओझं उतरतं, उधारीची दारं पुन्हा उघडतात, आणि बरीच मुलं परत लावायला बसतात. देण्यांची पूर्ण यादी एका कागदावर घ्यायची, भिशीतले आणि मित्रांकडचे हातउसनेही धरून. हप्ता ठरवून घरच्यांनी थेट घेणेकऱ्याला द्यायचा. पैसे मुलाच्या हातून जायला नकोत. पगार बायकोच्या खात्यावर, त्याच्या यूपीआयची मर्यादा रोजच्या खर्चापुरती. बुकीचा नंबर आणि सट्टा लावायचा आयडी त्यानं सगळ्यांसमोर काढून टाकायचे. सामन्याच्या संध्याकाळी एकटं बसायचं नाही. ओढ आली तर अर्धा तास फोन बायकोकडे द्यायचा आणि बाहेर पडायचं. ती लाट बहुधा तेवढ्यात ओसरते. पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना 2025 च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे, तरी टेलिग्रामवर आयडी देणारे भेटतातच, तेव्हा बंदीच्या भरवशावर राहू नये.

एक गोष्ट वडिलांना जड गेली. 'जीव द्यावासा वाटतो का?' हे मुलाला थेट विचारायचं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तसं काही निघालं तर एकटं सोडायचं नाही, जवळचं रुग्णालय गाठायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.

आयपीएलमध्ये तो एकदा घसरला, 2000 गेले. त्याच रात्री त्यानं बायकोला सांगितलं. बायकोनं रक्कम यादीत चढवली, हप्ता तोच ठेवला.