स्विच मोजण्याआधी व्होल्ट मोज

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

सात पातळ्यांच्या इन्व्हर्टरची, म्हणजे डीसीपासून पायऱ्यापायऱ्यांनी एसी बनवणाऱ्या सर्किटची, तुझी आकृती नीट पाहिली. नेहमीच्या कॅस्केड मांडणीत (ब्रिज एकापुढे एक जोडून) तीन एच-ब्रिज, म्हणजे स्रोत सुलटा किंवा उलटा जोडणारे चार-चार स्विचचे गट, एकूण 12 स्विच लागतात. तू तीन हाफ-ब्रिज (दोन-दोन स्विचच्या जोड्या) आणि शेवटी ध्रुवता पालटणारा एक एच-ब्रिज लावून ते 10 वर आणलेस. आता प्रत्येक स्विचला बंद असताना किती व्होल्ट सोसावे लागतात, ते त्याच्या शेजारी लिहून बघ. 48 व्होल्टचे तीन स्रोत धरले तर 12 स्विचची बेरीज 576 व्होल्ट. तुझ्याकडे सहा स्विच 48 चे, पण शेवटचे चारही 144 चे, बेरीज 864. दोन स्विच वाचले आणि चार महागले. स्विच बंद होताना तारांच्या इंडक्टन्समुळे व्होल्टेज उसळतं, त्यामुळे तिथे 200 व्होल्टचा मॉसफेट (स्विच म्हणून वापरतो तो ट्रान्झिस्टर) तोकडा पडेल.

त्यापेक्षा दोनच एच-ब्रिज घे, एक 48 व्होल्टचा, दुसरा 96 चा. स्विच आठ, पातळ्या सातच, बेरीज पुन्हा 576. पहिली पातळी लहान ब्रिजची, दुसरी मोठ्याची, तिसरी दोघांची मिळून. 50 हर्ट्झला पायऱ्या 9.6, 30 आणि 56.4 अंशांवर बदलल्यास फिल्टरशिवाय हार्मोनिक विकृती (शुद्ध साइन लहरीपासूनचा फरक) सुमारे 12 टक्के येते. 72 टक्के पॉवर मोठा ब्रिज पुरवतो. दोन्ही ब्रिजना पुरवठा करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग त्या हिशेबाने ठरव.

कुणीतरी दोन स्रोतांचं 1:3 प्रमाण सुचवेल, कारण तेवढ्याच आठ स्विचमध्ये नऊ पातळ्या मिळतात. मोह होण्यासारखंच आहे. पण तिथे दुसरी पातळी 'तीन वजा एक' अशी येते, म्हणजे तेवढा वेळ लहान स्रोतात पॉवर उलटी शिरते. बॅटरी असेल तर ती चार्ज होईल. डायोड रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) असेल तर परतीची वाटच नाही. आउटपुट अर्ध्यावर आणलंस की लहान ब्रिजचा एकंदर हिशेब उणे होतो, रेक्टिफायरपुढच्या कपॅसिटरचं व्होल्टेज चढत जातं आणि त्या ब्रिजचे मॉसफेट उडतात.

आता गेट ड्रायव्हर, म्हणजे मॉसफेटचं गेट चालू-बंद करणारी चिप. इथे फार जण अडकतात, म्हणून सविस्तर लिहितो. आयआर2110 या ड्रायव्हरला बूटस्ट्रॅपसाठी, म्हणजे वरच्या स्विचच्या गेटला पुरवठा करणारा कपॅसिटर म्हणून, 100 नॅनोफॅरड लावायची सवय असते, आणि 20 किलोहर्ट्झला ते चालूनही जातं. तुझा वरचा स्विच मात्र सलग 10 मिलिसेकंदांपर्यंत चालू राहणार. ड्रायव्हरचा वरचा भाग साधारण 125 मायक्रोअँपिअर खातो. तेवढ्या वेळात 100 नॅनोफॅरडवर 12.5 व्होल्टची घसरण होते. 15 चे अडीच होण्याच्या कितीतरी आधी अंडरव्होल्टेज संरक्षण गेट बंद करतं. ऑसिलोस्कोपवर पायरीचा माथा मध्येच तुटलेला दिसतो आणि आपण प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. 10 मायक्रोफॅरड लाव, घसरण पाव व्होल्टच्या आत राहील. सुरू करताना आधी खालचे स्विच काही मिलिसेकंद चालू ठेवून तो कपॅसिटर भरून घे.

पहिली चाचणी 12 आणि 24 व्होल्टवर कर, डेड टाइम (एक स्विच बंद होऊन जोडीचा दुसरा चालू होईपर्यंतची विश्रांती) 2 मायक्रोसेकंद. दोन्ही स्रोत एकमेकांपासून पूर्ण अलग हवेत. दोन्हींची ऋण टोकं अर्थला जोडलेली असतील तर शॉर्ट होईल. स्कोपचंही तेच: दोन चॅनेलच्या ग्राउंड क्लिप आतून जोडलेल्या असतात, त्या दोन ब्रिजच्या ऋण टोकांना कधीही लावू नकोस. डिफरेन्शियल प्रोब (ग्राउंड क्लिप न लावता दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजणारा) मिळेपर्यंत एका वेळी एकच ब्रिज बघ.